रिकाम्या टाकीचं बिल

समुद्राच्या पाण्याची टाकी हवी म्हणून येणारं गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत दोन प्रश्न विचारतं. "नीमो कधी टाकायचा?" आणि "जुहूवरून पाणी आणलं तर चालणार नाही का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात काय काय येऊन मिसळतं ते नाकालाच कळतं, आणि पावसाळ्यात खाड्या-नाल्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाही उतरतो. ते पिंपात भरून टेम्पोने आणण्याच्या खर्चात चांगलं मीठ येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्यात मात्र माझा निम्मा धंदा खर्च होतो. मी ठाण्यात राहते, मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंत टाक्या लावते, आणि खरं सांगायचं तर टाकीत मासे न टाकण्याचे पैसे घेते.

गेल्या वर्षी मुलुंडच्या एका दातांच्या डॉक्टरांचं काम आलं. ते लहान मुलांचे डॉक्टर. राहत्या फ्लॅटचा दवाखाना केलेला, पहिला मजला, बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी हवी, म्हणजे पोरं खुर्चीत बसायच्या आधी रडायची विसरतील. उद्घाटन तीन आठवड्यांवर. फोनवर त्यांनी विचारलं, "टेक्निशियन कधी येतील?" मी म्हटलं, "बोलतेय तीच येणार आहे." याची आता सवय झाली आहे.

त्याच सुमारास आमच्या इमारतीमागच्या गल्लीतलं एक गावठी पिल्लू घरी आलं. गुळाच्या रंगाची मादी, म्हणून नाव चिक्की. पोटात जंत आणि पायांत भिंगरी. सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून खुर्चीवर. हिला ॲजिलिटी शिकवायची असं मी तिसऱ्या दिवशीच ठरवून टाकलं. कुत्र्यांची ही अडथळ्यांची शर्यत. कुत्रं बारवरून उडी मारतं, बोगद्यातून घुसतं, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघतं, आणि माणूस शेजारून पळत त्याला वाट दाखवतो. लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात १९७८ साली मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून हा प्रकार बेतला. मधल्या वेळेची करमणूकच लोकांनी उचलून धरली आणि दोन वर्षांत त्याला ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता मिळाली.

तर एकीकडे दवाखान्याची टाकी आणि दुसरीकडे घरातलं पिल्लू, अशी दोन कामं मी एकाच वेळी अंगावर घेतली.

टाकीचं काम पाण्यापासून सुरू होतं असं लोकांना वाटतं. ते स्लॅबपासून सुरू होतं. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशा टाकीत साडेचारशे लिटर पाणी बसतं, म्हणजे साडेचारशे किलो नुसतं पाणी. त्यात बारा मिलिमीटर जाडीची काच, वाळू, दगड, लोखंडी स्टँड आणि खालच्या कपाटातली गाळणीची दुसरी टाकी, जिला आम्ही संप म्हणतो, हे सगळं धरलं की आकडा सातशेच्या घरात जातो. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब करताना चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरतात, आणि या टाकीखाली पाऊण चौरस मीटरही जागा येत नाही. डॉक्टरांना टाकी खोलीच्या मधोमध, पार्टिशनसारखी हवी होती. "दोन्ही बाजूंनी दिसेल ना!" मी म्हटलं, "खालच्या मजल्यावरूनही दिसेल." स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बीम कुठून जातो ते दाखवलं आणि टाकी मुकाट्याने भिंतीला लागली.

पाणी घरात तयार करायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणखी काहीबाही असतं, ते शेवाळाला आयतं खाद्य. म्हणून आरओ आणि त्याच्या पुढे रेझिनची नळकांडी लावून टीडीएस शून्यावर आणायचा. यंत्र थेंबथेंब देतं, इमारतीचं पाणी ठरावीक वेळी येतं, त्यामुळे साडेचारशे लिटर जमायला दिवस जातात. फेकलं जाणारं पाणी दवाखान्याच्या बायकांनी फरशी पुसायला वापरलं. मग मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे सोळा किलोच्या आसपास. माझ्या हाताखालचा पोरगा मुलुंडचाच. तो दर वेळी म्हणतो, "ताई, शेजारी मिठागरं असताना हे डब्यातलं मीठ कशाला?" कारण मिठागरात खडे धरतात तोवर पाण्यातलं कॅल्शियम जिप्सम होऊन आधीच खाली बसलेलं असतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या पाण्यात निघून जातं. हाती येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. भाजीला उत्तम, माशाला अपुरं. टाकीच्या मिठात हे सगळं परत मापात घातलेलं असतं. ते वेगळ्या पिंपात पंप लावून रात्रभर फिरवायचं, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरायचं, आणि निळ्या-पांढऱ्याची रेघ पस्तीसवर आली की मगच पाइप उचलायचा.

या सगळ्या कामात मला सर्वांत आवडते ती वीज घालवण्याची चाचणी. टाकी भरली, पंप चालू झाला, पाणी वरून ओसंडून संपमध्ये आणि संपमधून परत वर फिरायला लागलं, सगळे खूश, की मी भिंतीवरचं बटण बंद करते. एकदम शांतता होते. मग वरचं जास्तीचं पाणी खाली येऊ लागतं. संपची पातळी चढते, बोट, दोन बोटं, चार. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली असतं, त्यामुळे पाइप उलटा चालतो, सायफन लागतो, आणि वाटत राहतं की आता हे कपाटातून बाहेर येऊन फरशीवर पसरणार. त्या पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलेलं असतं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा आत ओढली जाते, सुर्र असा आवाज होतो आणि सायफन तुटतो. संपमध्ये काठाच्या खाली तळहाताएवढी जागा उरलेली असते. ती आधी मोजून ठेवलेली असते. डॉक्टर गुडघ्यावर बसून हे बघत होते. "पुन्हा करा," म्हणाले. रात्री अडीचला दिवे जाऊन परत येतील तेव्हा दवाखान्यात कुणीही नसेल, ही चाचणी त्या अडीच वाजल्यासाठी आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

हवा मात्र सांगावी लागली. दिवसभर एसी, रात्री बंद, रविवारी दिवसभर बंद. मे महिन्यात अशा खोलीतलं पाणी चोवीस अंशांवरून तिशीपार जाऊन परत येतं. म्हणून चिलर. त्याची किंमत ऐकून ते गप्प झाले. शिवाय एसीत पाणी भराभर उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. हे दहा वेळा सांगूनही कुणीतरी एकदा खारं पाणी ओततंच, म्हणून मी ते काम आपोआप भर घालणाऱ्या पंपावर सोपवते आणि झाकणावर चिठ्ठी लावते. त्याच चिठ्ठीवर आणखी दोन ओळी असतात: जवळपास डासांचा फवारा मारू नये, पाण्यात नाणी टाकू नयेत. फवाऱ्याने कोळंबी मरते आणि तांबं विरघळलं तरी मरते. आपल्याकडे पाणी दिसलं की नाणं टाकायचा हात आवरत नाही.

आणि कोरल. डॉक्टरांच्या मोबाइलवर रंगीबेरंगी प्रवाळाने भरलेल्या टाकीचा फोटो होता. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, २००१ पासून. समुद्रघोडेसुद्धा. "मागच्या दाराने मिळतात म्हणे?" मिळत असतील, मी ठेवत नाही. कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड लावले, वाळू पसरली आणि अमोनियम क्लोराइडची बाटली काढली.

इथून मासे न टाकण्याचं काम सुरू होतं. मासा जे टाकतो त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशाला विष. दगडांवर एक जातीचे जिवाणू वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. या दोन पलटणी उभ्या राहायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी यासाठी काटक डॅमसेल मासे सोडायचे, जगले तर जगले. आता बाटलीतला अमोनिया मोजून घालतो आणि रोज पाणी तपासतो. उद्घाटन तीन आठवड्यांवर होतं, तेव्हा गणित उघड होतं.

डॉक्टरांनी प्रयत्न सोडला नाही. एका दुकानदाराने त्यांना 'समारंभापुरते मासे भाड्याने' देऊ केले होते. मी म्हटलं, "खुशाल घ्या, पण मग टाकीची जबाबदारी त्यांचीच." उद्घाटनाला टाकी उभी होती ती रिकामी, वर दगडांवर तपकिरी भुकटी चढलेली. हे डायटम, नव्या टाकीत येतातच आणि आपले आपण जातात. पूजा झाली. डॉक्टरांच्या आई हळदकुंकू आणि अक्षता घेऊन टाकीकडे निघाल्या तेव्हा मी जवळजवळ आडवी पडले. "काकू, बाहेरून काचेला लावा." त्यांनी काचेला पाच बोटं लावली आणि आत वाकून विचारलं, "आणि मासे गं?"

हाच प्रश्न मी त्या महिन्यात चिक्कीच्या ट्रेनरबाईंना विचारत होते. त्या ठाण्यातच एका मैदानावर सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत शिकवतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "बार कुठे लावायचा?" त्यांनी मला घोंगडीचा एक तुकडा दिला. "यावर उभी राहिली की पनीर. उतरली की काही नाही. दोन मिनिटं, मग बंद. आठवडाभर एवढंच." मी म्हटलं, "आणि उडी?" त्या हसल्या. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते, तिथून हाड लांब होतं. ती बुजेपर्यंत उंच उड्या, वेगात घेतलेली वळणं, काठ्यांमधलं नागमोडी पळणं, हे सगळं तिच्यावर ताण देतं. आंतरराष्ट्रीय नियमांत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला स्पर्धेत उतरता येत नाही, ते उगाच नाही. "ताई, वर्षभर उडी विसरा. अडथळे काय, मोठी कुत्री पंधरा दिवसांत शिकतात. तुम्हाला शिकवायचंय ते त्याच्या आधीचं."

आधीचं म्हणजे काय ते मला घरातल्या शिडीने दाखवलं. ॲल्युमिनिअमची शिडी जमिनीवर आडवी टाकायची आणि पिल्लाला पायऱ्यांच्या खणांमधून चालवायचं. पुढचे पाय चिक्कीने नीट उचलले, एक खण, दुसरा खण. मागचे पाय फरफटत आले आणि पायरीवर खणकन आपटले. ती थांबली, मान वळवून मागे पाहिलं, कुणी धक्का दिला ते शोधलं. कुत्र्याला आपले मागचे पाय आहेत हे मुळात ठाऊकच नसतं. पुढचे पाय त्याला दिसतात, मागचे नुसते पाठोपाठ येतात. म्हणून मग पाट. पुढचे दोन पाय पाटावर, मागचे जमिनीवर, आणि मी तिच्या बाजूने हळूहळू गोल फिरायचं. तोंड माझ्याकडे ठेवायचं तर मागचे पाय आडवे टाकावेच लागतात. आधी ती पाटावरून उतरायची किंवा पाटच चाटायची. मग एका संध्याकाळी उजवा मागचा पाय हवेत उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला आणि बाजूला पडला. मी "येस" म्हटलं, पनीर दिलं. नंतर तिने तो मुद्दाम टाकला. आधीचा पाय आपसूक पडला होता, हा टाकलेला होता. तो फरक डोळ्यांना दिसतो.

ताणून धरल्याशिवाय हे होत नाही, तुझ्यासारखा धीर आमच्यात नाही, असं मला बरेच जण म्हणतात. माझ्यात धीर नाही. रिक्षाच्या रांगेत मी दोन मिनिटं उभी राहू शकत नाही. धीर हा स्वभाव असतो असं मला वाटतच नाही. आत काय चाललंय ते दिसत नसलं की वाट पाहणं जिवावर येतं, आणि दिसायला लागलं की वाट पाहणं उरतच नाही. डॉक्टरांचं तेच झालं. उद्घाटनानंतर चिडून त्यांनी तपासणीचा संच माझ्या हातातून घेतला. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया असला तर पिवळं पाणी हिरवं होतं. पहिल्या दिवशी गडद हिरवं. आठवड्याने पोपटी. नायट्राइटची नळी तोवर निळ्यावरून जांभळ्यावर गेलेली. त्यांनी मला फोन केला, आवाजात मुलाची मार्कशीट आल्याचा उत्साह. "म्हणजे दगडांवर बायोफिल्म बसतेय!" दातांवरचं किटण हीसुद्धा जिवाणूंची अशीच साय. "आयुष्यभर ही खरवडत आलो, आणि तुम्ही मला ती पाळायला लावताय." त्यानंतर त्यांनी मासे कधी असं विचारलं नाही. रोज रात्री दवाखाना बंद करताना नळ्यांचा फोटो यायचा. वेटिंग रूममधल्या पोरांनाही ते रंग ओळखायला लावायचे म्हणे.

दोन्ही कामं सारखी आहेत असं इथवर वाचून वाटेल. तसं नाही, आणि हे मला चिक्कीमुळेच नीट कळलं. टाकीला बदल नको असतो. खारटपणा, तापमान, उजेडाची वेळ, सगळं काल होतं तसं आज. चांगल्या टाकीत काहीच घडत नाही. पिल्लाला उलट हवं. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या वयात त्याने जेवढं वेगवेगळं पाहिलं-ऐकलं तेवढं मोठेपणी त्याला कमी घाबरायला होतं, आणि नेमकी तेव्हाच लस पूर्ण झालेली नसते. पार्व्हो मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून कुत्र्यांचे डॉक्टर सांगतात जमिनीवर सोडू नका. मग चिक्कीला झोळीत घालून मी ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावर उभी राहायचे. गाड्यांची घोषणा, भोंगे, भेळवाल्याचा उलथनं आपटायचा आवाज. घरी सी-सॉची तयारी. ती फळी दुसऱ्या बाजूला आपटते तेव्हा होणाऱ्या आवाजाने मोठी मोठी कुत्री त्या अडथळ्याला कायमची बिचकतात. म्हणून लहानपणीच एका फळीचं टोक विटेवर टेकवायचं, खाली स्टीलची परात उपडी घालायची, आणि पिल्लाला पंजाने फळी दाबू द्यायची. धडाम! पनीर. धडाम! पनीर. चार दिवसांत चिक्की स्वतःहून परात वाजवायला लागली आणि आमचा मुक्काम खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या सांगण्यावरून गच्चीवर हलला. सकाळी टाकीपाशी 'काही हलवू नका' आणि संध्याकाळी गच्चीवर 'अजून काय नवीन आहे', असे दोन स्वभाव मला एका दिवसात वापरावे लागत.

'येस' म्हणून मग खाऊ द्यायचा, ही पद्धत मात्र खाऱ्या पाण्यातूनच जमिनीवर आली आहे. करेन प्रायर या १९६० च्या दशकात हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिन शिकवत. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून ओढता येत नाही, रागावलं तर तो पोहून पलीकडे जातो. हवी ती हालचाल झाली त्या क्षणी शिट्टी, मग मासळी. शिट्टीने नेमकं काय आवडलं ते कळतं. १९८४ च्या त्यांच्या 'डोन्ट शूट द डॉग' या पुस्तकानंतर ही रीत कुत्र्यांच्या मैदानांवर पसरली. माझी माशांची गिऱ्हाइकं नकळत तेच करत असतात. खाऊ घालण्याआधी वेव्हमेकर, म्हणजे प्रवाहाचा पंप, बंद करायची सवय ठेवली, तर थोड्या दिवसांत प्रवाह थांबताच मासे वर येऊन उभे राहतात.

डॉक्टरांचे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, पुन्हा अमोनिया घालून पाहिला तर दुसऱ्या दिवशी परत शून्य, तेव्हा मी मासे आणले. दोन क्लाउनफिश, म्हणजे गिऱ्हाइकांचे नीमो, टाकीतच जन्मलेले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बसवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज राहिलेली नाही. समुद्रातून पकडलेला अनेकदा खायलाच शिकत नाही, टाकीत जन्मलेला पहिल्या दिवशी तुकडे मागतो. पिशवी पाण्यावर तरंगवली, मग खाली घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी तिच्यात थेंबथेंब सोडलं, तासाभराने जाळीने मासे उचलून आत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. डॉक्टरांच्या आई त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. यातला नर कुठला, त्यांनी विचारलं. दोन्ही. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात, जोडीतला मोठा आणि दांडगा असतो तो मादी होतो. काकूंनी हे ऐकून सुनेकडे पाहिलं आणि सून हसली.

चिक्की आता वर्षाची होईल. बार अजून जमिनीवरच आडवा पडलेला असतो, ती त्याच्यावरून चालत जाते आणि मागचे पाय लागत नाहीत. बोगदा सरळ आणि छोटा, तो तिला इतका आवडतो की बाहेर बोलवावं लागतं. वीव्ह पोल्स, म्हणजे नागमोडीच्या त्या काठ्या, बारा असतात, आमच्या दोन आहेत. स्पर्धेचं म्हणाल तर आपल्याकडे फारशा होत नाहीत आणि गावठी कुत्र्याला कुठे उतरता येईल याची मी चौकशीही केलेली नाही. ब्रिटनमध्ये मिश्र जातीची कुत्री बिनदिक्कत पळतात. ट्रेनरबाई म्हणतात, गच्चीवर पळा.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. पोरं आता डोरी मागतात, तर एक निळी टँग टाकूया का. ती वाढून फूटभर होते, तिला पोहायला निदान सहा फुटी टाकी लागेल, असं सांगितलं. चार फुटीच्या पलीकडे त्यांच्या केबिनची भिंत आहे. आर्किटेक्टला विचारून सांगतो म्हणालेत.